लेण्यांच्या पोटापाण्याची जमीन



कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तिथे एक छोटा लेख आहे, गोपालाचा मुलगा संघमित्र याने लेणे दान दिले एवढाच. कराडचे जुने नाव करहाकट. त्या गावच्या लोकांच्या दानाची नोंद पार मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावरही आहे. म्हणजे देणारी माणसे आपल्याच मुलखातली.

पण लेणे कोरून झाले, पुढे काय? वर्षावासात भिक्खू एका जागी राहणार, तर त्यांचे जेवण आणि चीवर कुठून यायचे? आपणही भिंतीसाठी वर्गणी काढतो, लाईट बिलाचे नाव कुणी काढत नाही!

याचे उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेले आहे. (लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही.) सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लेणे दिले. भिक्खूंच्या जेवणासाठी अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेऊन तेही दिले. शिवाय ३००० कार्षापण गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० वर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाचे २४० झाले. त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब पैशाला पैसा जुळतो. मी सुताच्या खात्यात आयुष्य घालवलेला माणूस, म्हणून विणकरांवरचा हा विश्वास वाचून छाती फुगते. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर लिहिला होता, गुपचूप काही नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. उषवदाताच्या ताब्यात असलेले पश्चिम काखडी गावचे २०० निवर्तने शेत त्याने आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना दिले. निवर्तन हे तेव्हाचे जमीन मोजायचे माप. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला तशी आज्ञा गेली. त्या शेतात सरकारी माणसाने शिरायचे नाही, मिठासाठी खणायचे नाही, अशा सवलतीही दिल्या.

सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, नवा अमात्य श्यामक याला दुसरी आज्ञा आली. काखडीचे शेत कसले जात नाही, गावात वस्तीच नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सातबारा नावावर, पण कसायला माणूस नाही, ही गत तेव्हाही होती म्हणायची. म्हणून नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने दिली. निम्मीच, पण जवळची. माझ्या मते भिक्खूंचा त्यात तोटा झाला नाही.

ही आज्ञा राजा आणि राजमाता दोघांची आहे. पहिले दान फुकट गेले होते, ते झाकता आले असते. पण दुसरा लेख पहिल्याला लागूनच त्याच भिंतीवर कोरला आहे, आजही दिसतो.