पायाखालचे पाणी : समुद्रकाठच्या छपरावरील बागेची गोष्ट (धागा)

१/ समुद्रकाठच्या एखाद्या शतकभर जुन्या हॉटेलच्या गच्चीवर बाग करायची आहे, असे समजू. आराखडा आखणाऱ्याने पहिला प्रश्न कोणता विचारावा? ‘झाडे कोणती लावू?’ हा नव्हे. ‘या गच्चीखाली काय आहे, आणि ते किती भार पेलेल?’ हा. या प्रश्नाचे सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दिलेले एक उत्तर मुंबईत आजही पाहता येते. ही त्याचीच गोष्ट. सुरुवात मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आमच्या वऱ्हाडातून.

२/ चिखलदऱ्याचे पठार श्रावणात हिरवेगार असते आणि चैत्रात तेच पिवळे पडते. कारण उघड आहे. वर मातीचा पातळ थर, खाली काळा पाषाण. पडलेले पाणी मुरण्याआधीच दरीकडे धावते. म्हणूनच शेजारच्या गाविलगडाच्या माथ्यावर तलाव राखावे लागले. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळात बांधल्या गेलेल्या या गडावर वस्ती टिकली, ती या साठवलेल्या पाण्याच्या बळावर. पातळ माती, खाली कठीण थर, निसटणारे पाणी : हे पठार म्हणजे निसर्गाने केलेली एक गच्चीच आहे.

३/ फरक एवढाच, की सह्याद्री असो वा सातपुडा, डोंगराला वजनाची चिंता नसते. इमारतीला असते. ओली माती घनमीटरला साधारण १.६ ते २ टन भरते. म्हणजे एक चौरस मीटर गच्चीवर केवळ ३० सेंटिमीटरचा थर पसरला, तरी ५०० ते ६०० किलो भार झाला. राहत्या घराच्या खोलीचा आराखडा करताना माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतात. जुन्या गच्चीवर ‘थोडीशी माती’ टाकणे किती थोडे असते, ते यावरून ध्यानात यावे.

४/ दुसरा शत्रू पाणी. बाबिलोनच्या झुलत्या बागा खरोखर होत्या का, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती बाग बाबिलोनची नसून निनेव्हेची. पण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ग्रीक लेखक डायोडोरस याने तिच्या छपराचे थर वर्णिले आहेत : डांबरात बसवलेले बोरू, त्यावर भाजक्या विटांचे दोन थर, त्यावर शिशाचा पत्रा आणि मग माती. आज आपण गच्चीवर डांबरी थर देतो, विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो, तो याच विचाराचा वंशज.

५/ समुद्रकाठी तिसरा शत्रू भेटतो, तो खारा वारा. तो पाने करपवतो आणि भेगेतून आत शिरून लोखंड गंजवतो. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्यांचे निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले. ‘इमारत उलटी बांधली गेली म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला’ ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती निव्वळ दंतकथा. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

६/ अशा वास्तूंचे घुमट आणि उतरती छपरे मातीसाठी नव्हेत, पाऊस झटकून टाकण्यासाठी असतात. त्यावर नंतर बाग लादणे म्हणजे मूळ रचनेच्या हेतूविरुद्ध जाणे. मग छपरावरची बाग मुंबईला नवी होती काय? मुळीच नाही. ती हॉटेलवर नव्हती, इतकेच. ती होती पाण्याच्या टाकीवर.

७/ विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि मुंबईला प्रथमच नळाचे पाणी मिळू लागले. पण वाढत्या शहराला ते पुरेना. १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. तुळशी विहारपेक्षा बरीच उंचावर आहे. त्यामुळे तिचे पाणी केवळ उताराच्या जोरावर मलबार टेकडीच्या माथ्यापर्यंत पोहोचू शके आणि तेथून खालच्या वस्तीत उतरे. त्या माथ्यावर टाकी बांधली गेली, टाकीवर छप्पर आले आणि छपरावर बाग. तीच फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपले ‘हँगिंग गार्डन’. ही बाग कोठेही लटकलेली नाही. ती पाण्यावर उभी आहे.

८/ टाकी झाकली का? लोक सांगतात : शेजारी पारशी समाजाची डुंगरवाडी आहे, गिधाडांच्या चोचीतून काही पाण्यात पडू नये म्हणून. कथा रंजक आहे. परंतु लंडनमध्ये १८५२ च्या कायद्यानेच, सेंट पॉल चर्चपासून पाच मैलांच्या आतील गाळलेल्या पाण्याच्या टाक्या झाकणे बंधनकारक केले होते. तेथे ना डुंगरवाडी, ना गिधाडे. ऊन लागले की पाण्यात शेवाळ धरते, धूळ पडते, वाफ होते. झाकण्यास एवढी कारणे पुरेशी होती.

९/ ताजची कथा आणि ही कथा यांत एक साम्य आहे. दोन्हींत साध्या तांत्रिक निर्णयाच्या जागी सनसनाटी कारण येऊन बसले. ताजच्या कथेने फक्त एका अभियंत्याच्या स्मृतीवर अन्याय केला. या कथेने एका संपूर्ण समाजाच्या अंत्यविधीकडे घाणीचे मूळ म्हणून बोट दाखवले. दंतकथा निरुपद्रवी असतात, असे म्हणताना हे आठवावे.

१०/ आता पुन्हा आराखड्याकडे. या बागेत आठवतात ती कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपे, हिरवळ आणि फुलांचे ताटवे. ही केवळ हौस मानू नये. ठेंगणी, उथळ मुळांची झाडे कमी मातीत भागवतात, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला फारशी अडत नाहीत आणि छपरात मुळे घुसवत नाहीत. छपरावरच्या बागेचे सौंदर्य असे छपराच्या मर्यादेतूनच घडते.

११/ याच शहरात दुसरे उदाहरण माझगावला आहे. भंडारवाडा टेकडीवरील जोसेफ बाप्टिस्टा उद्यानही पाण्याच्या टाकीवरच आहे. बाप्टिस्टा म्हणजे ‘काका’, टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे जसे टिळकांचे निकटवर्ती, तसेच हेही. तेथील बाकावर बसणाऱ्या किती जणांना पायाखालच्या पाण्याची कल्पना असते?

१२/ ही कल्पना नसली की काय होते, ते २०२३ मध्ये दिसले. मलबार टेकडीची जुनी टाकी पाडून नवी बांधण्याचा महापालिकेचा प्रस्ताव पुढे आला. टाकीची क्षमता १४.७ कोटी लिटर. दक्षिण मुंबईची तहान तिच्यावर. पुनर्बांधणीत ३८९ झाडे बाधित होणार होती आणि बाग काही वर्षे बंद राहणार होती. एकीकडे पाणी, दुसरीकडे सावली, दोन्ही लोकांचीच.

१३/ नागरिकांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि तिने टाकीची प्रत्यक्ष आतून पाहणी केली. समितीतील आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांचा अभिप्राय असा होता, की टाकी पाडण्याची गरज नाही, दुरुस्ती पुरेशी आहे. पुढे पूर्ण पुनर्बांधणीचा विचार मागे पडला. वाद वरच्या झाडांवरून पेटला. त्याचे उत्तर मात्र खाली, टाकीच्या खांबांत आणि भिंतींत शोधावे लागले.

१४/ म्हणून समुद्रकाठच्या त्या जुन्या हॉटेलसाठी इतिहासाचा सल्ला साधा आहे. आधी जुने नकाशे काढा, तुळया तपासा, पाण्याचे उतार पाहा. मग हलकी माती, उथळ मुळे, आणि अवजड कुंड्या ठेवायच्याच तर खांबांच्या माथ्यावर. आणि इमारत ‘नाही’ म्हणाली, तर तिचे ऐका. बाग अंगणातही फुलते.

१५/ चिखलदऱ्याचे पठार हेच शिकवते. वर काय उगवेल, हे खालचा खडक ठरवतो. पुढच्या वेळी हँगिंग गार्डनमध्ये गेलात, तर झुडपांचे छायाचित्र अवश्य घ्या. पण क्षणभर पायाखालच्या त्या अंधाऱ्या, थंड पाण्याचीही आठवण ठेवा. तुमच्या गावात टाकीवर, तळघरावर वा किल्ल्याच्या छपरावर अशी बाग असेल, तर खाली अवश्य लिहा. (समाप्त)