जुन्या जीप-ट्रकांतील इंजिनबदल : नागापूरच्या निमित्ताने

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावर नागापूर हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीमुळे त्याचे नाव आज लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग यांच्याशी जोडले गेले आहे. त्याच शहरात वाहनविद्येची एक सरकारी परंपराही नांदते. १९२९ साली चकलाला येथे स्थापन झालेली लष्कराची वाहन-तपासणी संस्था फाळणीनंतर येथे आली आणि तिच्यातूनच पुढे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ साली चिलखती दलाचे केंद्र व विद्यालयही येथेच स्थापन झाले. सरकारी प्रयोगशाळा आणि खाजगी कार्यशाळा यांच्या या शेजारात एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. चारही चाकांना गती देणाऱ्या जुन्या पिकअप ट्रकाचे इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही बदलली गेली असतील, तर ते वाहन ऐतिहासिक मानावे की नाही? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनी याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. ते उत्तर इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे अगत्याचे आहे.

या वाहनांचा महाराष्ट्रातील वंश मुंबईपासून सुरू होतो. १९४७ साली विलीज कंपनीच्या ७५ जीपगाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात महिंद्रांकडे आल्या. १९४९ मध्ये माझगाव येथे त्यांची बांधणी होऊ लागली. १९६५ साली एफसी-१५० हा ट्रक बाजारात आला. अमेरिकेत १९५६ पासून परिचित असलेल्या या ट्रकात चालकाची जागा इंजिनाच्या मागे नसून इंजिनाच्याच अंगावर असे. त्यामुळे लहान चेसिसवरही मालासाठी लांब हौदा मिळे. मात्र इंजिनाची धग आणि धडधड चालकाच्या पोटरीला सतत जाणवे. त्यातील इंजिन २१९९ घनसेंटिमीटरचे, पेट्रोलवर चालणारे, सुमारे ७२ ते ७५ अश्वशक्तीचे होते.

ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटाने या इंजिनाचा काळ फिरवला. सरकारी दरनियंत्रणात डिझेल हे शेती व मालवाहतुकीचे इंधन म्हणून स्वस्त ठेवले जाई. पेट्रोलवर कराचा बोजा पडे. १९७५ साली महिंद्रांनी स्वतःच एफसी-२६० हा डिझेल ट्रक आणला. १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला. ‘एक्सडीपी ४.९०’ हे त्याचे नाव म्हणजेच त्याचे वर्णन होय : चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. तात्पर्य, जो बदल गावोगावचे मिस्त्री करीत होते, तोच कारखानाही करीत होता. एकास नवे मॉडेल म्हटले गेले आणि दुसऱ्यास जुगाड, हा भेद तांत्रिक नव्हे.

नगरसारख्या जिल्ह्यात या बदलास अनुकूल भूमी आधीच तयार होती. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यानंतर ऊस, खत व माणसे यांची ने-आण वाढली, आणि पावसाळ्यातील काळ्या मातीच्या वाटांवर चारही चाकांची ओढ ही चैन नव्हती. शिवाय विहिरीवरच्या पंपामुळे डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या घरचे झाले होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची. इंजेक्टर व इंधनपंप जाणणारा कारागीर खेड्याला परका राहिला नव्हता. इंजिनबदलाचे कारण केवळ इंधनाच्या दरात शोधणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट बहुधा निसटते.

प्रत्यक्ष काम मात्र पंपदुरुस्तीपेक्षा कितीतरी अवघड. दोन इंजिनांच्या मागील तोंडांवरील बोल्टांची छिद्रे जुळत नाहीत, म्हणून इंजिन आणि क्लचचे आवरण यांच्यामध्ये पोलादाची जाड प्लेट घालावी लागते. ती अशी कातावी लागते, की क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा. किंचित फरक राहिला तरी बेअरिंग खडखडू लागते. लेथवरील कारागिराच्या हाताची खरी परीक्षा येथे होते. त्यानंतर चेसिसवर इंजिनाचे नवे आधार, टाकीकडे उरलेले डिझेल परत नेणारी नळी आणि जड इंजिन फिरविण्यास समर्थ असा स्टार्टर व बॅटरी. जुन्या जीपचा वायपर पेट्रोल इंजिनाच्या निर्वात ओढीवर चाले. डिझेल इंजिनात ती ओढ सहसा नसते, आणि पहिल्या पावसात ही गोष्ट चालकाच्या ध्यानी येई!

इंजिनामागोमाग गिअरबॉक्सही का बदलावा लागतो, हेही समजून घेतले पाहिजे. मूळ पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाई. ट्रॅक्टरच्या कुळातील डिझेल इंजिने त्याहून पुष्कळच मंद. त्यामुळे जुन्याच दात्यांवर गाडी रांगू लागते. मूळ गिअरबॉक्स तीन गतींचा, पहिल्या गतीस सिंक्रोमेश नसलेला. डिझेलचे धक्के त्यास मानवत नसत. म्हणून चार गतींचा गिअरबॉक्स बसवीत. पण त्याची लांबी निराळी, त्यामुळे पुढील व मागील दोन्ही प्रोपेलर शाफ्ट कापावे किंवा वाढवावे लागत. कोणी वेगासाठी केवळ मागील अॅक्सलचे दाते बदललेच, तर चारही चाकांना गती देताच कठीण रस्त्यावर दोन अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि काहीतरी मोडते. दोन्ही अॅक्सलांचे प्रमाण एकच असावे लागते.

कायद्याने या कामाकडे तीन वेळा तीन दृष्टींनी पाहिले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार नोंदणी अधिकाऱ्यास सूचना देऊन व त्याची संमती घेऊन बदल करता येई. तशी नोंद झालेली नोंदणीपुस्तिका हे संशोधकास अव्वल दर्जाचे साधन होय. १९८८ च्या कायद्यातील ५२ वे कलम २००० साली बदलले आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ दृढ केला. पुढे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांना वेगळी नोंदणी देऊ केली. पण चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार नसल्याच्या अटीवर.

हौशी मोटारींसाठी ही अट योग्यच आहे. परंतु कष्टाच्या वाहनांना ती लावली, की ज्या खुणांमुळे ते वाहन या प्रदेशाचे ठरते त्याच खुणा दोष ठरतात. डिझेल इंजिन, वेल्ड केलेले आधार आणि कातलेली प्लेट काढून टाकण्यास मालक प्रवृत्त होतो, आणि त्यांच्याबरोबर चार दशकांच्या ग्रामीण अर्थव्यवहाराचा पुरावा भंगारात जातो. २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून असे नवे बदल करण्याचे मुख्य कारणही क्षीण झाले आहे. म्हणजे जी वाहने उरली तेवढीच. शिवाय ‘मूळ’ म्हणून परत बसविले जाणारे पेट्रोल इंजिन बहुधा दुसऱ्याच एखाद्या मोडलेल्या ट्रकातून आलेले असते, आणि त्याचा क्रमांक पुस्तिकेत चढविण्यासाठी त्याच नोंदणी कार्यालयात, त्याच ५२ व्या कलमाखाली, पुन्हा अर्ज करावा लागतो.