औद्योगिकीकरण व श्रमजीवन, डहाणू–तलासरी परिसरातील

यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांच्या उदयामुळे माणसाच्या कामाची जागा, वेळ, मोबदला आणि मालकाशी असलेले नाते यांत मूलगामी बदल घडून आले. या बदलांचा विचार सामान्यतः कारखान्याच्या दरवाजापासून सुरू होतो. तथापि जेथे कारखाना उभा राहिला नाही, अशा प्रदेशांचे श्रमजीवनही त्याने पालटले. पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) डहाणू व तलासरी हे तालुके याचे ठळक उदाहरण होत. महालक्ष्मीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले विवळवेढे हे डहाणू तालुक्यातील गाव मुंबई–अहमदाबाद महामार्गालगत असून त्याच्या दक्षिणेस तारापूर व उत्तरेस वापी ही मोठी औद्योगिक क्षेत्रे आहेत. या परिसरात वारली ही बहुसंख्य जमात असून तिच्याबरोबर कोकणा, दुबळा, धोडिया, काथोडी इ. जमातींची वस्ती आहे.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांना लागणारा कामगारवर्ग प्रामुख्याने रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून आला. बोटीने किंवा पायी मुंबई गाठणारा हा कामगार गावाशी संबंध राखून होता. त्याच्या मनीऑर्डरवर कोकणातील असंख्य घरे चालत. मुंबईला त्याहून जवळ असलेल्या आणि १८६४ पासून लोहमार्गाने तिच्याशी जोडल्या गेलेल्या डहाणूतून मात्र वारली मजूर गिरणीत फारसा गेला नाही. याचे कारण त्याच्या स्वभावात किंवा जंगलाच्या ओढीत शोधण्याचा प्रघात होता. तो पटण्यासारखा नाही. गिरणीत जाण्यासाठी गाव सोडण्याची मोकळीक लागते आणि नेमकी तीच त्याला नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातील बरीच जमीन वारल्यांच्या हातून जमीनदार व सावकारांकडे गेली. पावसाळ्यात घेतलेल्या खावटीची, म्हणजे धान्यरूप कर्जाची, फेड सुगीत वाढीव मापाने करावी लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा व त्याची बायको सावकाराच्या घरी राबत; अशा मजुरास ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटल्याचा हिशेब सावकाराच्या वहीत असल्यामुळे हे राबणे पुष्कळदा आयुष्यभर चाले. कुळांकडून वेगळी वेठ घेतली जाई. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द वाढत गेली, राबासाठी पालापाचोळा व फांद्या तोडण्यावर निर्बंध आले आणि निर्वाहाचा उरलेला आधारही आक्रसला. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३०–४० या दशकाच्या अखेरीस सादर केलेल्या अहवालात या वेठबिगारीचे तपशीलवार वर्णन आढळते.

मजूर शहराकडे गेला नाही. पण शहराची मागणी मात्र त्याच्या गावात आली. वाढत्या मुंबईला इमारती व सरपणाचे लाकूड, कोळसा आणि गवत हवे होते. १८७४ ते १९०५ या काळात मुंबईच्या ट्राम घोड्यांनी ओढल्या जात. त्याखेरीज बग्ग्यांचे घोडे, मालवाहू गाड्यांचे बैल व तबेल्यांतील म्हशी यांना वर्षभर चारा लागे. डहाणू–उंबरगाव पट्ट्यातील वरकस जमिनीवर गवत भरपूर उगवते. पावसाळा संपताच ते कापून, वाळवून, भारे बांधून वखारीत आणले जाई व तेथे दाबाखाली गठ्ठे करून रेल्वेने मुंबईस रवाना होई. गवताचे रान त्यामुळे भाताच्या शेताइतकेच मोलाचे ठरले. व्यापार पूर्णतः नव्या युगाचा होता. गवत कापणारे हात मात्र जुन्या वेठीचेच राहिले. रोखीच्या व्यापारामुळे वेठ आपोआप नाहीशी होते, ही समजूत या प्रदेशापुरती तरी खरी ठरत नाही. मजूर फुकटात किंवा नाममात्र दराने मिळत असल्यामुळे व्यापाराच्या नफ्याने वेठ उलट अधिक घट्ट केली.

याच काळात गिरणीतील श्रमाला कायद्याची मर्यादा पडत होती. १८८१ चा पहिला कारखाना अधिनियम मुलांपुरता होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९२२ मध्ये आठवड्याचे काम साठ तासांवर, १९३४ च्या अधिनियमान्वये बारमाही कारखान्यांत चोपन्न तासांवर व १९४८ मध्ये अठ्ठेचाळीस तासांवर आले. भोंगा हे कामगाराच्या जाचाचे चिन्ह मानले जाते आणि ते योग्यच आहे. पण काम सुटल्याची वेळही तोच सांगत असे. गवताच्या रानात असा भोंगा नव्हता आणि कारखान्याच्या व्याख्येत ते बसत नसल्याने कायद्याचा एकही तास तेथे पोहोचला नाही.

पोहोचले ते कामगार चळवळीचे शस्त्र. शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर (पूर्वाश्रमीच्या गोखले) या दोघांनीही भारत सेवक समाजात कार्य केले होते. मुंबईच्या कामगार चळवळीचा अनुभव घेऊन ते किसान सभेच्या कार्यात आले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे भरलेल्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्यानंतर काही आठवड्यांतच अनेक गावांतून वेठ व लग्नगडीची प्रथा बंद पडली. त्यासाठी कोणताही नवा कायदा करावा लागला नाही.

पाठोपाठ मजुरीचा प्रश्न पुढे आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी करून १९४५ च्या ऑक्टोबरात गवतकापणीचा संप सुरू झाला. ही वेळ विचारपूर्वक निवडलेली होती. गिरणी बंद पडली तरी कापूस गोदामात टिकतो. कापणीचे मोजके आठवडे हुकले, तर उभे गवत कडक होऊन त्याची किंमत उतरते, शिवाय वणव्याचे भय असते. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. संप तरीही मोडला नाही. पुढील वर्षी जंगलतोडीच्या मजुरांनीही संप केला व सव्वा रुपया रोजाचा दर पदरात पाडून घेतला. त्याच सुमारास परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात लिहिली असून त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कूळकायद्याने व त्यातील १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाच्या तरतुदीने काही कुळे जमिनीची मालक झाली. १९६० मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला. महाराष्ट्रात उरलेल्या गावांचा तलासरी हा वेगळा महाल झाला. पुढे सीमेपलीकडे वापी व उंबरगाव आणि अलीकडे बोईसर–तारापूर येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. अशा रीतीने गवत व लाकूड पाठविणारा प्रदेश प्रथमच मोठ्या प्रमाणावर कारखान्याकडे मजूर पाठवू लागला. परंतु गिरणीकामगाराला दीर्घ लढ्याने लाभलेली कायम नोकरी या पिढीच्या वाट्यास क्वचितच आली. बरेचसे काम ठेकेदारामार्फत मिळते. पावसाळ्यानंतर वसई–भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे आगाऊ ‘उचल’ घेतात व हंगामभर ती फेडतात. वेठबिगार पद्धती १९७६ च्या अधिनियमाने नष्ट करण्यात आली आहे. उचल आणि खावटी यांतील साम्य मात्र नजरेआड करता येत नाही.

खुद्द डहाणू तालुक्यात मोठे कारखाने वाढले नाहीत, याला नंतरच्या काळात कायदेशीर कारणही आहे. येथे औष्णिक वीजकेंद्र मंजूर झाल्यावर चिकूच्या बागा व वनक्षेत्र यांना धोका असल्याची हरकत घेतली गेली. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित होऊन उद्योगांसाठी कमाल पाचशे एकर क्षेत्र ठरविण्यात आले. पाचशे मेगॅवॉटचे वीजकेंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानुसार नेमलेल्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मध्ये झालेल्या निधनापर्यंत सांभाळले. या निर्बंधाने बागा, खाड्या व जंगल बऱ्याच अंशी वाचले. भूमिहीन कुटुंबाला रोजगारासाठी सीमा ओलांडावी लागते ही त्याची दुसरी बाजू असून बागायतदार व मजूर यांना ती सारखीच जाणवते असे नाही.

किनाऱ्यावरील वाढवण येथील मोठ्या बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली व ऑगस्टमध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांनी त्यास सातत्याने विरोध केला आहे. वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत मासेमारी व शेती यांबरोबरच दागिन्यांसाठी लागणारे धातूचे साचे घडविण्याचा, डायमेकिंगचा, व्यवसाय घरोघरी चालतो. त्यातील कारागीर आपल्याच पडवीत, आपल्याच वेळेनुसार काम करतो.