चिकातला दाणा आणि भिजवलेलं राळं

शाळूची कणसं चिकात आली की शेतावर राखण बसते. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचे डबे बडवायचे, दिवसभर हाकाटी करायची, कारण पाखरांचा सगळ्यात मोठा मारा याच दिवसांत होतो. दाणा नखाने दाबला की दूध निघतं, टरफल अजून कोवळं असतं. पुढे तोच दाणा वाळून टणक झाला की पाखरं कणसाला अशी लगडत नाहीत. पिंजऱ्यात फिंच पक्षी पाळणारा माणूस जोडीने अंडी घातल्यावर रात्री वाटीभर राळं भिजत घालतो, त्या रीतीचं मूळ शोधायचं तर या चिकापासूनच सुरुवात करावी लागते. सुका दाणा चोवीस तासांत पुन्हा कोवळा करायचा, एवढाच तो खटाटोप आहे. पण ही युक्ती माणसाला एका ठिकाणी, एका दिवशी सुचलेली नाही. तिची कुळं निदान तीन आहेत, आणि त्यांतली दोन तर चिकाचा विचारही न करता जन्मली.

पहिलं कुळ जर्मनीतलं. कॅनरी हाही फिंचच्याच मोठ्या गोतावळ्यातला पक्षी. कॅनरी बेटांवरून स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला आणि पुढे हार्त्स डोंगरातल्या खाणकामगारांच्या घरोघरी त्याची पैदास होऊ लागली. त्याचं रोजचं खाणं म्हणजे मोहरीच्या कुळातलं रेपचं बी. थुरिंगियातल्या योहान मॅथेउस बेखश्टाइन या निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस घरात पाळायच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला. पिल्लं असलेल्या कॅनरीला काय द्यावं याचा पाठ त्यात आहे: उकडलेलं अंडं बारीक चिरून, पाण्यात भिजवून पिळलेला पाव, आणि वेगळ्या भांड्यात उकळून गार पाण्याने धुतलेलं रेपचं बी. उकळायचं ते बियांचा उग्रपणा जावा म्हणून. दाणा मऊ होतो हा त्याचा आनुषंगिक गुण, पण पिल्लांना जगवायला उपयोगी पडला तो तोच. पुढच्या पाळणाऱ्यांनी उकळणं सोडलं आणि भिजवणं ठेवलं. मला यात पाळणाऱ्यांची निरीक्षणशक्ती दिसते. रसायनशास्त्र त्यांच्या हाती नव्हतं. कुठल्या घरट्यातली पिल्लं जगतात आणि कुठल्या घरट्यातली मरतात, हे मात्र ते रोज पाहत होते.

दुसरं कुळ जपानचं. अठराव्या शतकाच्या मध्यावर चीनमधून एक मुनिया जपानच्या क्यूशू बेटावर आणली गेली. पाठीच्या खालच्या भागावर पांढरा पट्टा असलेली ही जात आपल्या सह्याद्रीतही राहते. जपान्यांनी तिची पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून जुशिमात्सु हा पूर्ण पाळीव पक्षी घडवला. आपल्याकडे बाजारात तो बेंगालीज म्हणून मिळतो. जपानमध्ये विणीच्या जोडीला देतात ते ‘आवादामा’: कांडलेल्या राळ्याला अंड्याचा बलक चोळून वाळवलेलं खाद्य. इथे दाणा पाण्याने मऊ करत नाहीत. त्याचं टरफल आधीच काढायचं आणि प्रथिनांची भर बलकातून घालायची. वाटेने पाहिलं तर ही रीत जर्मन रीतीहून अगदी वेगळी, आणि माझ्या मते एका बाबतीत सरसही. राळ्याच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं. नुसतं भिजवून ती उणीव भरून निघत नाही. बलकातून निघते.

तिसरं कुळ ऑस्ट्रेलियाचं, आणि कोवळ्या दाण्याचं मर्म कळलं ते तिथेच. आज जगभर सगळ्यात जास्त पाळला जाणारा फिंच म्हणजे झेब्रा फिंच. तो त्या खंडाच्या कोरड्या मधल्या प्रदेशातला. जंगलातल्या पक्ष्याचं वजन साधारण बारा ग्रॅम. सुक्या दाण्यांवर तो पाण्याचा थेंबही न पिता महिनोन्‌महिने तग धरू शकतो, हे प्रयोगशाळेत पाहिलं गेलं आहे. पण तग धरणं वेगळं आणि पिल्लं वाढवणं वेगळं. क्लाउस इमेलमान हे जर्मन वर्तनशास्त्रज्ञ १९५९-६०च्या सुमारास ऑस्ट्रेलियात हिंडले. पाऊस पडताच हे पक्षी विणीला लागतात, असं त्यांनी नोंदवलं. पुढे रिचर्ड झॅन यांनी या एका पक्ष्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ‘द झेब्रा फिंच’ हा त्यांचा ग्रंथ १९९६चा. त्यांच्या अभ्यासातून चित्र अधिक नेमकं झालं. विणीचा हंगाम बांधलेला असतो तो गवताला धरणाऱ्या दाण्याशी. पाऊस हे त्याचं आदिकारण, पण पिल्लं वाढतात ती पावसानंतर उगवलेलं गवत दाण्यावर आल्यावर. आणि या पिल्लांचं जवळजवळ सगळं पोषण त्या अर्ध्याकच्च्या गवतदाण्यावर होतं.

ही गोष्ट मोठी आहे. आपली चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. झेब्रा फिंच किडे जवळपास वापरतच नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम एक ग्रॅमचं, उघडं, डोळे मिटलेलं. साधारण अठरा-वीस दिवसांत ते पिसांनिशी घरट्याबाहेर पडतं. एवढी सगळी वाढ गवताच्या दाण्यांवर. पिल्लाच्या मानेची कातडी इतकी पातळ असते की गळ्याजवळच्या पिशवीत आईबापांनी भरवलेले दाणे बाहेरून मोजता येतील. पाळणारे रोज सकाळी पाहतात ते हेच: पिशवी भरलेली आहे की रिकामी.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या गोल्डियन फिंचची कथाही याच धाग्याची. जॉन गूल्ड यांनी १८४४मध्ये आपल्या दिवंगत पत्नीच्या, चित्रकार एलिझाबेथच्या, स्मरणार्थ त्याचं नाव ठेवलं. हा पक्षी जगतो मुख्यतः रानज्वारीवर, आपल्या ज्वारीच्या भावकीतल्या गवतांवर. त्याची पिल्लंही हुरड्यावरच पोसतात, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. १९६०मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्य पक्ष्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून बाहेरच्या देशांतल्या पाळणाऱ्यांना रानातून नवे पक्षी मिळणं संपलं; हाती असलेल्या पक्ष्यांची वीण नीट साधणं भाग झालं. आपल्याकडेही १९९०-९१पासून रानातल्या देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. लाल मुनिया किंवा कुठलीही रानमुनिया पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पिंजऱ्यातच जन्मलेल्या झेब्रा, गोल्डियन, बेंगालीजची वीण चांगली झाली तर रानावरचा हात आखडतो, म्हणून या वाटीभर राळ्याला मी किरकोळ बाब मानत नाही.

आता दाण्याच्या आत काय घडतं ते. पाणी शोषलं की अंकुर गिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. त्याच्या इशाऱ्यावर दाण्याच्या कडेचा पेशींचा थर अमायलेज हे विकर तयार करतो, आणि साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते. दुसरी विकरं प्रथिनं तोडून त्यांचे सुटे घटक मोकळे करतात. खनिजं अडकवून ठेवणारं फायटेट कमी झाल्याने तीही जास्त हाती लागतात. चिकातला दाणा आणि मोड येणारा दाणा एकच नव्हेत, हे इथे स्पष्ट करायला हवं. चिकातल्या दाण्यात साखरेचं पिष्ट होत असतं, मोडाच्या दाण्यात पिष्टाची साखर. एक भरत असतो, दुसरा रिता होत असतो. पण वाटेत दोघेही मऊ असतात, ओले असतात आणि पचायला हलके असतात. पिल्लाला हवा तो हाच टप्पा.

म्हणून मोड लांब वाढू द्यायचा नाही. राळं, वरी, कॅनरी सीड यांचं मिश्रण आठ-दहा तास भिजवावं, स्वच्छ धुऊन चाळणीत निथळत ठेवावं, दर काही तासांनी पुन्हा धुवावं. मोडाचं पांढरं टोक दिसलं की द्यावं. आपल्या हवेत एवढ्याला एक दिवस पुरतो. उन्हाळ्यात त्याहून कमी. दाण्यांतले निम्मेअधिक मोड धरत नसतील तर तो माल जुना झाला आहे, आणि तो सुकाही देऊ नये. रुजवण ही दाण्याची सर्वांत स्वस्त परीक्षा आहे. पेरणीसाठी औषध चोळलेलं, गुलाबी-लाल रंगाचं बियाणं मात्र चुकूनही वापरायचं नाही. तो रंग विषाची खूण म्हणूनच दिलेला असतो.

या रीतीचा खरा शत्रू बुरशी आहे. ओला, उबदार, साखर सुटलेला दाणा पिल्लाला जितका आवडतो तितकाच जंतूंनाही. आंबूस वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागलं की सगळं फेकून द्यावं, धुऊन वाचवायला जाऊ नये. पिंजऱ्यात ठेवलेली वाटी तीन-चार तासांत काढून घ्यावी. मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात हे पाळणं अवघड जातं. ज्याला ते जमणार नाही त्याने त्या महिन्यांत राळ्यावर बलक चोळून नीट वाळवलेलं जपानी खाद्य द्यावं, ते टिकतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस दोन्ही रीतींत लागतोच, कारण मोडाने ते वाढत नाही.

आणि वाटी कधी बंद करायची, हेही ठरलेलं हवं. रानात गवत वाळतं आणि झेब्रा फिंचची वीण थांबते. पिंजऱ्यात कोवळा दाणा वर्षभर मिळत राहिला तर जोडी एकामागून एक अंडी घालत राहते, आणि मादीच्या हाडांतलं कॅल्शियम त्यात खर्ची पडतं. अंडं अडकून मादी दगावण्याचं हेही एक कारण आहे. पिल्लं पस्तीसेक दिवसांची होऊन स्वतः दाणे सोलू लागली की भिजवलेलं राळं हळूहळू कमी करत आठवड्याभरात बंद करावं, घरटं काढून घ्यावं आणि जोडीला निदान दोन-तीन महिने सुक्या दाण्यावर विसावा द्यावा.