दशांशावर चालणारे विद्यापीठ

मुले हायस्कूलमध्ये गेली की आपल्या घरोघरी कॉलेजच्या फीचे आकडे पाहणे सुरू होते. त्यात युटा राज्यातल्या प्रोव्हो गावच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचे आकडे जरा चमत्कारिक वाटतात. तुम्ही राज्यातले की बाहेरचे, हा प्रश्नच नाही. मॉर्मन चर्चच्या सभासदाला एक फी आणि इतरांना त्याच्या दुप्पट. ती दुप्पट फीसुद्धा बऱ्याच खाजगी विद्यापीठांहून कितीतरी कमी!

हे परवडते कसे? मॉर्मन कुटुंबे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, चर्चला देतात. विद्यापीठाच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातून येतो. सभासदांनी आधीच भरले आहे, म्हणून त्यांना सवलत, असा सरळ हिशेब.

सुरुवातीला मात्र सगळा ओढगस्तीचा कारभार होता. १८७५ मध्ये ब्रिगहॅम यंगने ही अकॅडमी काढली आणि दोनच वर्षांत तो वारला. १८८४ मध्ये इमारत जळून गेली. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष अब्राहम स्मूट यांनी स्वतःची मालमत्ता गहाण टाकून शाळा जगवली. १८९५ मध्ये ते गेले तेव्हा डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. पुढच्याच वर्षी चर्चने कर्जासकट संस्था आपल्याकडे घेतली. १९०३ मध्ये ती युनिव्हर्सिटी झाली. १९३० च्या दशकातल्या मंदीत चर्चने वेबर, स्नो आणि डिक्सी ही कॉलेजे युटा सरकारला देऊन टाकली, पण प्रोव्होचे सोडले नाही.

पैसा ज्याचा, शब्द त्याचा. (आम्हा कन्सल्टंट मंडळींना हे कोणी शिकवायला नको!) विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष खुद्द चर्चचे अध्यक्ष असतात. १९११ मध्ये उत्क्रांतिवाद शिकवणाऱ्या तीन प्राध्यापकांना जावे लागले. बहुसंख्य विद्यार्थी त्यांच्या बाजूने सह्या करूनही काही उपयोग झाला नाही. १९९८ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने विचारस्वातंत्र्याच्या मुद्द्यावरून विद्यापीठाचा अधिकृत निषेध केला.

मला मात्र प्राध्यापकांइतकीच पैसे देणाऱ्यांची बाजू लंगडी वाटते. आपल्या मंडळाच्या सभेत समोशांच्या बिलावरूनही वाद होतो. चर्चने मात्र १९५९ नंतर खर्चाचे सविस्तर हिशेब छापणेच बंद केले. आपल्या दशांशातला किती भाग प्रोव्होला गेला, हे युटातल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा शाळाशिक्षिकेला कळायला मार्ग नाही.