झाडाचा धनी कोण?

रस्त्यावरच्या झाडाचा मालक कोण, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. महापालिका, वनखातं, की ज्याच्या गच्चीवर फांदी टेकते तो? उत्तर राज्याराज्यात बदलतं, आणि प्रश्न जुना आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रापासून सुरुवात करू. 18व्या शतकाच्या आरंभीचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यात आरमाराच्या ओघात लाकडाचा विषय येतो. साग वगैरे राज्याच्या अरण्यातून घ्यायचा, तोही हुजूरच्या परवानगीने. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणायचं. आंबा आणि फणस आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावायचा नाही. का, तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, पैसे मोजून घ्यावं. जबरदस्ती नाही. मी फौजेत आयुष्य काढलं आहे. फौजेला लाकूड लागतं तेव्हा ते कालच हवं असतं. अशा वेळी आरमाराला थांबवणारा हा नियम मला मोठा वाटतो.

इंग्रजांनी नवी दिल्ली वसवली तेव्हा लुटियन्स आणि मस्टो यांनी रस्त्यारस्त्याला झाडं नेमून दिली. कुठे कडुलिंब, कुठे जांभूळ, कुठे अर्जुन. सावलीची रांग सरळ हवी, हा हिशेब. छावणीत आम्ही बुंध्यांना गेरू-चुना फासायचो, त्याच शिस्तीतला! यात रहिवाशाला कोणी विचारलं नव्हतं.

विचारण्याची सोय कायद्याने यायला बराच काळ लागला. महाराष्ट्राने 1975 साली नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा केला. प्रत्येक पालिकेत वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी झाडांची गणना. तोडायचं झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी अर्ज करायचा. मग पालिका वर्तमानपत्रात आणि त्या झाडावरच नोटीस लावते आणि हरकती मागवते. कर्नाटकात 1976 पासून आणि दिल्लीत 1994 पासून वेगळी वाट आहे. तिथला वृक्ष अधिकारी वनखात्याचा. त्यामुळे दिल्लीत पालिकेलाही झाड तोडायचं तर त्याच्याकडेच जावं लागतं.

यात दोन प्रकारची माणसं अडकतात. पावसाळ्यात वाकलेली फांदी घरावर येईल म्हणून झोप न लागणारी, आणि समोरचा वड जाईल म्हणून कळवळणारी. दोघांनाही तेच कार्यालय. पहिल्याचा अर्ज तिथे पडून राहतो, दुसऱ्याला नोटीस दिसते तेव्हा करवत आलेली असते. मुंबईत आरेमध्ये प्राधिकरणाने 2,600हून अधिक झाडांना मंजुरी दिली. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर 2,100हून अधिक झाडं गेली होती. तीन दिवस!

उलटंही घडतं. दिल्लीत फुटपाथ बांधताना बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं जायचं. नागरिक हरित लवादाकडे गेले आणि 2013 साली आदेश झाला की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करा. तुमच्या दारापुढे सिमेंट असेल, तर अर्जात हाच आदेश दाखवा आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीची फाईल होत नाही.