कांचेच्या पेटींतील समुद्र

आजऱ्याच्या कांठानें वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरांत उगम पावते. उगमापासून अरबी समुद्र कांहीं दूर नाहीं. घाट उतरला कीं सावंतवाडी आणि तिच्यापुढें वेंगुर्ल्याचा किनारा. परंतु नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस जाते, घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस मिळते, आणि आजऱ्याचें पाणी अखेर बंगालच्या उपसागरांत जाऊन पडतें. समुद्र असा एका अंगानें जवळ आणि दुसऱ्या अंगानें फार दूर असलेल्या या गांवीं, एखाद्या घराच्या ओसरीवर सात फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकीच उंच कांचेची पेटी मांडून तींत प्रवाळांचा समुद्र वसवावयाचा असें कोणीं मनांत आणलें, तर त्यास काय काय आणावें लागेल? पाणी, मीठ, लाटा, ऊन, वारा, आणि डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव. यांतील प्रत्येक वस्तु कांचेंत कशी आणावी हें कळण्यास मनुष्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. आज दुकानांत मिळणारें प्रत्येक यंत्र म्हणजे पूर्वीं कोणाच्या तरी हातांनीं केलेलें, किंवा न केल्यामुळें फसलेलें, एकेक काम आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, या इतिहासाचा आरंभ माशांपासून नव्हे, तर प्रवाळांपासून झाला. आणि तोही एका घरांत. १८४६ सालीं ॲना थिन या नांवाच्या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्के येथें गेल्या होत्या. त्यांचे पति लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील मठमंदिरांत धर्माधिकारी होते. खडकांत सांपडलेले दगडी प्रवाळ त्यांस इतके आवडले कीं ते जिवंत लंडनला न्यावेत असें त्यांच्या मनानें घेतलें. प्रवासांत हेलकाव्यांनीं ते एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून त्यांनीं सुई-दोऱ्यानें ते एका स्पंजास टांचले आणि समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या दगडी बरणींत ठेवले. हे प्रवाळ थंड समुद्रांतील, एकेकटे राहणारे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या प्रवाळांसारखे वसाहत करून भित्ति बांधणारे नव्हेत. तरी समुद्रापासून दूर, शहरांतील बंद घरांत त्यांस जगवावयाचें ही अडचण तीच होती.

आरंभीं किनाऱ्यावरून वरचेवर ताजें पाणी मागवावें लागे. पुढें १८४७ मध्यें बाईंनीं दुसरी युक्ति योजिली. उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत, असें अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचें, म्हणजे हवा त्यांत मिसळे. हें काम घरांतील एक लहान मोलकरीण रोज करी. मग त्यांनीं पाण्यांत समुद्रवनस्पतीहि ठेवल्या. या रीतीनें प्रवाळ तीन वर्षें जगले. बाईंचें टिपण १८५९ सालीं एका शास्त्रीय मासिकांत प्रसिद्ध झालें आणि त्यांचें नांव राहिलें. त्या मुलीचें नांव मात्र इतिहासानें राखलेलें नाहीं. आजच्या प्रवाळपेटींतील पंप आणि हवेचें यंत्र हीं त्या मुलीच्या दोन हातांचीं वारसदार आहेत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें १८५० मध्यें दाखवून दिलें कीं मासे, वनस्पति आणि गोगलगाई यांचा मेळ नीट जमला तर पाणी बदलल्यावांचून टिकतें. इंग्लंडांत १८४५ सालीं कांचेवरील कर उठल्यामुळें कांच स्वस्त झाली होती. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. फिलिप गॉस यानें १८५४ मध्यें याच विषयावर पुस्तक लिहिलें, आणि साधें मीठ व आणखी तीन क्षार यांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतिही सांगितली. समुद्रापासून दूरच्या गांवांस या कृतीचें महत्त्व फार आहे. आजऱ्यासारख्या ठिकाणीं आज जें मीठ पोत्यांतून येतें त्याचें मूळ तिच्यांत आहे. पुढें घरोघरीं पेट्या आल्या आणि थोड्याच वर्षांत घरोघरींच्या पेट्या नासल्याही. लोकांनीं कांच विकत घेतली होती, धीर घेतला नव्हता.

नासण्याचें कारण ओळखून त्यावर उपाय करणारा मनुष्य म्हणजे विल्यम आल्फर्ड लॉइड. त्याच्या ध्यानांत आलें कीं प्रेक्षकांपुढील टांकी हा समुद्राचा लहानसा तुकडा असून त्याच्या पाठीशीं मोठा सांठा पाहिजे. हांबुर्ग येथील १८६४ च्या आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील १८७१ च्या मत्स्यालयांत त्यानें टांक्यांखालीं, अंधारांत, टांक्यांच्या कितीतरी पट मोठे हौद ठेवले, आणि पंपांनीं तें पाणी अहोरात्र वर-खालीं फिरत ठेवलें. धातूच्या नळ्यांनीं पाणी विषारी होतें, म्हणून त्यानें कठीण केलेल्या रबराच्या नळ्या आणि पंप वापरले. आजच्या पेटीखालच्या कपाटांत जी दुसरी टांकी असते, जिला हौशी लोक 'सम्प' म्हणतात, ती लॉइडच्या अंधाऱ्या हौदाचीच धाकटी बहीण, आणि पी. व्ही. सी. ची नळी ही त्याच्या रबरी नळीची नात होय.

हिंदुस्थानांत मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ सालीं मत्स्यालय उघडलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर झालें. त्यासाठीं तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनीं देणगी दिली होती. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनीं समुद्रांतील मासा जिवंत पाहिला तो तेथें. २०१५ सालीं नूतनीकरण होऊन तेथें पारदर्शक बोगदाही आला, परंतु २०२० च्या सांथीच्या काळांत त्याचें दार बंद झालें. समुद्राकांठच्या अशा संस्थेस पाणी दाराशींच मिळतें. घांटमाथ्यावरच्या घरास तें कांहींच मिळत नाहीं, आणि म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कठीण.

नळ्या, पंप आणि हौद झाले, तरी एक कोडें उरलेंच होतें. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांत मासे का मरतात? जनावरांच्या मलमूत्रांतून अमोनिया निघतो. १८९० च्या सुमारास व्हिनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें अमोनियाचें नायट्राइटांत आणि नायट्राइटाचें नायट्रेटांत रूपांतर करणारे जंतु वेगळे करून दाखविले. पेटी जगते ती या जंतूंच्या जिवावर. पुढें १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यानें लिहिलें कीं, समुद्रांतील सच्छिद्र खडक जंतूंसकट पेटींत ठेवावा, भरपूर उजेड द्यावा आणि हवेचे थोडे बुडबुडे सोडावे, म्हणजे प्रवाळ वाढतात. जर्मनीतील हौशी मंडळींनीं त्यास फेंसाच्या यंत्राची जोड दिली. हें यंत्र बारीक बुडबुड्यांनीं पाण्यांतील घाण फेंसाबरोबर वर आणून, ती कुजण्यापूर्वींच, एका वाटींत सांठवतें. त्यास 'प्रोटीन स्किमर' म्हणतात.

आतां आजऱ्याच्या ओसरीवर येऊं. वर सांगितलेल्या मापाच्या पेटींत सुमारें आठशें लिटर पाणी मावतें, आणि खालच्या सम्पांत दोनशें धरलें तर हजार लिटर. पाणी, कांच, खडक आणि घोडा मिळून वजन टनाच्या वर गेलेंच. जुन्या घराच्या माडीवर हें ओझें चढविणें म्हणजे आपत्तीस आमंत्रण; जागा तळमजल्याचीच. घोडा पाणसळीनें सपाट करून, पेटीखालीं आणि सांध्यांखालीं कोरडी वर्तमानपत्रें पसरून, प्रथम ती साध्या पाण्यानें भरावी आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. कागद कोठें ओला झाला हें डोळ्यांपेक्षां बोटांस आधीं कळतें. येथें मीठ घालण्याची घाई करणारा मनुष्य पुढें फरशी पुसतो.

मग पंप. पाणी खालून वर जातें आणि उतरत्या नळींतून खालीं येतें, तोंवर सर्व ठीक. खरी परीक्षा पंप चालू असतांना नव्हे, तर तो बंद पडतो तेव्हां. आजऱ्याच्या पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा भरंवसा कोणींच देऊं नये. वीज गेली कीं वरच्या पेटींतील पाणी चढत्या नळींतून उलटें वाहूं लागतें, आणि सम्पांत मोकळी जागा नसेल तर मध्यरात्रीं ओसरीवर तळें होतें. म्हणून नळीच्या वरच्या टोंकाशीं, पाण्याच्या पातळीजवळ, एक बारीक छिद्र ठेवतात. पातळी उतरतांच त्यांतून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. हेतुपुरस्सर बटण बंद करून, पाणी सम्पांत किती चढलें तेथें रेघ ओढावी, आणि हा प्रयोग एकदां नव्हे, दहा वेळां करावा. त्या छिद्रांत पुढें शेवाळ बसतें, तेव्हां दर महिन्यास पुन्हां. विजेच्या तारांस भिंतीकडे जाण्यापूर्वीं खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब तारेवरून प्लगांत शिरत नाहीं. आणि गळती होतांच वीज तोडणारी कळ बसविल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. विजेशिवाय चालणारा, बॅटरीवरील हवेचा लहान पंप जवळ असावा. लंडनच्या त्या मुलीचें काम रात्रीं तोच करतो.

गरम-थंड करणाऱ्या यंत्रांवरही एकदम विश्वास ठेवूं नये. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राखावयाचें असतें. दोन निरनिराळे तापमापक लावून ते एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें आठवडाभर लिहून ठेवावें. प्रवाळांच्या मांसांत सूक्ष्म शैवाल राहतें आणि त्यांचें बरेंचसें अन्न तेंच करतें. उष्णता वाढली कीं तें शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरे पडतात. समुद्रांत १९९८ सालीं जगभर हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें. यासाठींच दिव्यांची तिरीप आणि ऊब दोन्हीं मोजावीं लागतात.

एवढें झाल्यावर साधें पाणी काढून टाकावें आणि आर. ओ. यंत्रानें गाळलेलें पाणी भरावें. मीठ दर लिटरास सुमारें पस्तीस ग्रॅम, म्हणजे हजार लिटरांस पस्तीस किलो. पाणी आधीं, मीठ मागून, ढवळीत. उलट केलें तर चुना खालीं बसतो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आलें कीं समुद्र तयार झाला असें वाटतें. तो तयार नसतो. थोडासा अमोनिया मुद्दाम घालून रोज तपासणी करावी. अमोनियाचा आंकडा आधीं वर राहतो, मग उतरतो. नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो. शेवटीं नायट्रेट उरतो. यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि पैसा ओतून हा काळ फारसा कमी होत नाहीं. आज घातलेला अमोनिया दुसऱ्या दिवशीं पूर्णपणें नाहींसा झालेला आढळला, म्हणजे पेटींत जंतूंची वसाहत झाली. तोंवर घरांतील मुलांनीं रिकाम्या पाण्याकडे पाहावें.

आणि प्रवाळ? घाट उतरून मालवणास जावें, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवरचे दोन-चार तुकडे घेऊन यावें, हा विचार सोपा वाटतो. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. २००१ सालापासून भित्ति बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेंत आलेल्या प्रवाळांस हलविण्यासाठीं महानगरपालिकेसही परवानगी घ्यावी लागली, मग खाजगी गृहस्थाची गोष्ट कशाला! ली चिन एंगची खडकाची युक्तिही येथें चालत नाहीं, कारण तो खडक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा सांपळाच. तेव्हां आजऱ्याच्या पेटींत भट्टींतील सच्छिद्र मातीचा खडक येतो, त्यावर जंतु वसतात, आणि समुद्री मासे त्याच्या खांचांतून फिरतात. प्रवाळ पाहावयाचे असतील तेव्हां पेटीचा दिवा मालवून, पहांटेच्या गाडीनें आंबोलीचा घाट उतरावा लागतो.